लेकराची सुई, आईबापांची रात्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी घणसोलीत या व्याख्यानमालेला जमता, त्यांचं आयुष्य मुलांमध्ये गेलं. म्हणून यंदा मुलांच्या आरोग्यावर बोला, असं संयोजकांनी मला सांगितलं. मी त्या विषयातच राहणार आहे, पण बोलणार आहे आईवडिलांविषयी. ज्यांच्या लेकराला टाइप वन मधुमेह झाला आहे, त्या आईवडिलांविषयी. रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करताना माझं बोलणं मुलांपेक्षा त्यांच्याशीच जास्त झालं. मुलं लवकर सावरतात. सुई टोचून झाली की पोरगं खेळायला पळतं. आई मात्र ओपीडीच्या बाकावर बसून राहते, हातात फाइल धरून.

काहींना वाटत असेल, हे आपल्याकडे कुठे? लहान मुलांना कुठे शुगर होते? होते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालची सुमारे २ लाख २९ हजार मुलंमुली हा आजार घेऊन जगतात. इतकी मुलं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात नाहीत. मग ती आपल्याला दिसत का नाहीत? घरं सांगत नाहीत म्हणून. गावठाणातलं घर सांगत नाही, सिम्प्लेक्सच्या माथाडी वसाहतीतलं घर सांगत नाही, सेक्टरातल्या उंच इमारतीतलं घर तर मुळीच सांगत नाही. का सांगत नाहीत, त्याकडे मी येणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बहुतेक आजारांत औषध डॉक्टर ठरवतो आणि आपण ते घेतो. टाइप वनमध्ये औषधाचा डोस रोज, दिवसातून चार वेळा, आईबाप ठरवतात. डॉक्टर दोन-तीन महिन्यांतून एकदा भेटतो, उरलेले सगळे दिवस त्यांचे. म्हणून आईबापांचं मन हा या उपचाराचाच भाग आहे. ते मन खचलं तर इन्सुलिन चुकतं. आणि ते मन सांभाळणं एकट्या आईचं काम नाही, एकट्या डॉक्टरचंही नाही. ते तुमचं-माझं काम आहे.

आता पहिली गोष्ट. दोष कुणाचा?

निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक आई हा प्रश्न विचारते. मोठ्याने विचारत नाही, स्वतःला विचारते. मी गरोदरपणी गोड खाल्लं का? लहानपणी दुधात साखर जास्त घातली का? रडू नये म्हणून बिस्किटांचा पुडा हातात दिला, त्यानं झालं का? आणि ती स्वतःला विचारायची थांबली की घरातलं कुणीतरी विचारतं. आमच्या घराण्यात कुणाला नाही, म्हणजे तुमच्या माहेराकडूनच आलं.

नीट ऐका. हा आजार गोड खाऊन होत नाही. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी जी यंत्रणा आहे, ती चुकून स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. का उलटते, त्याचं पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून मिळालेलं नाही. आईनं काय खाल्लं, बाळाला काय भरवलं, याचा त्यात दोष नाही. बहुसंख्य मुलांच्या घरात आधी कुणालाही टाइप वन नसतो. वडिलांना किंवा आजोबांना चाळिशी-पन्नाशीनंतर होणारी शुगर वेगळी. ती पथ्यानं, चालण्यानं, गोळ्यांनी बरीच आटोक्यात ठेवता येते. मुलाचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. त्याला ते बाहेरून द्यावं लागतं, रोज आणि जन्मभर. ते नसेल तर मूल जगत नाही. 'शुगर म्हणजे शुगर' असं म्हणून आपण दोन्हींना एकाच तागडीत तोलतो आणि आजोबांचा कारल्याचा रस नातवाला पाजायला निघतो. हे थांबलं पाहिजे.

इथे जरा मागे जाऊ. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी काय होतं? इन्सुलिन नव्हतं. मुलाला मधुमेह झाला की डॉक्टर त्याला उपाशी ठेवायचे. अगदी मोजकं अन्न दिलं तर मूल काही महिने, कधी एक-दोन वर्षं तगायचं. म्हणजे आईबापांच्या हातात काय होतं? भुकेल्या लेकराला जेवण नाकारणं. १९२१ साली टोरंटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ या दिवशी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. चौदा वर्षांचा मुलगा आणि वजन तीस किलोसुद्धा नाही. पहिला अर्क शुद्ध नव्हता, उपयोग फारसा झाला नाही. जेम्स कॉलिपनं तो शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा दिला आणि मुलाची साखर उतरली. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला. या लोकांनी पेटंट स्वतःजवळ ठेवलं नाही, टोरंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून जागतिक मधुमेह दिन त्या दिवशी असतो. आपल्याकडे तोच बालदिन.

हे सगळं का सांगितलं? इन्सुलिनच्या आधीच्या आईच्या हातात काहीच नव्हतं. आजच्या आईच्या हातात लेकराचा जीव आहे, आणि तो रोज आहे. हे भाग्यही आहे आणि ओझंही. भाग्याबद्दल डॉक्टर बोलतात. ओझ्याबद्दल कोण बोलतं?

दुसरी गोष्ट, तिच्या दिवसाची आणि रात्रीची.

दिवसाला चार सुया. वर्षाला झाल्या १४६०. त्याखेरीज बोटाला टोचून साखर तपासायची, तीही चार-सहा वेळा, आजारपणात त्याहून जास्त. पट्टी महाग असते, म्हणून एखादी तपासणी गाळायची का, हा हिशेब रोजचा. इन्सुलिनची बाटली मिलिलीटरला चाळीस युनिटची असेल तर लाल टोपणाची सिरिंज, शंभरची असेल तर नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट होतो किंवा निम्म्याहून कमी. चार वर्षांच्या मुलाला अर्धा युनिट इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो. ज्या बाईनं कालपर्यंत थर्मामीटरही जपून धरला, तिच्या हातात आपण हे देतो, आठवड्याभरात शिकवतो आणि घरी पाठवतो.

बरं, शिकून काम संपलं का? नाही. तांदळाची भाकरी किती, भात किती, यावर सुई ठरते. पण मुलानं सुई घेतल्यावर अर्धंच ताट खाल्लं तर? ताप आला तर? परीक्षेची भीती असेल तर? संध्याकाळी मैदानात कबड्डी खेळून पोरगं घामाघूम होऊन आलं, तर साखर तेव्हाच उतरते असं नाही, पहाटे तीन वाजताही उतरू शकते. या गावाला खाडी माहीत आहे. तिथी सांगा, जुनी माणसं भरतीची वेळ बोटांवर मोजून सांगतील. मुलाच्या साखरेला तिथी नाही. काल जे केलं तेच आज केलं, तरी काल १२० आणि आज २८० येऊ शकते. त्यात आईची चूक असतेच असं नाही.

म्हणून ती रात्री उठते. गजर लावून उठते. पोराच्या कपाळाला हात लावून बघते, घाम आलाय का. झोपेत साखर फार उतरली तर मूल बेशुद्ध पडू शकतं, झटके येऊ शकतात, हे तिला रुग्णालयात सांगितलेलं असतं आणि ती ते विसरू शकत नाही. एक रात्र नव्हे, वर्षानुवर्षं. अशी अर्धवट झोपलेली बाई सकाळी डबा करते, सुई देते, कामाला जाते. तिची चिडचिड झाली तर आपण म्हणतो, हल्ली फार चिडते.

एक मोठा अभ्यास सांगते, कारण त्यानं या घरांचं जगणं बदललं. अमेरिका-कॅनडात १९८३ पासून दहा वर्षं टाइप वनच्या १४४१ रुग्णांवर तो चालला आणि १९९३ साली निष्कर्ष आले. साखर काटेकोर ठेवली तर डोळ्यांचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, मूत्रपिंडं आणि नसाही वाचतात. फार मोठी गोष्ट होती ही. तेव्हापासून जगभरातले डॉक्टर आईबापांना सांगू लागले, तीन महिन्यांची सरासरी शुगर सात टक्क्यांच्या आसपास आणा. पण त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी तितक्या सांगितल्या जात नाहीत. काटेकोर नियंत्रणाच्या गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग तिपटीनं वाढले होते. आणि त्या गटातल्या रुग्णांना दर महिन्याला भेट होती, मध्ये वारंवार फोन होते, परिचारिका, आहारतज्ज्ञ, मनाचा विचार करणारी माणसं असा सगळा संच पाठीशी होता. आपल्या घरांपर्यंत काय पोचलं? आकडा पोचला. माणसं पोचली नाहीत. सात आणा, हे सांगितलं गेलं. सात आणताना लागणारा फोन, लागणारा माणूस कुणी दिला नाही. ती जागा आई एकटी भरते आहे. माझ्या मते टाइप वनच्या उपचारातली आपल्याकडची सर्वांत मोठी उणीव हीच आहे, औषधांपेक्षाही मोठी.

आकड्याची आणखी एक गंमत नव्हे, व्यथा सांगते. मूल शाळेतून घरी आलं की आई पहिलं काय विचारते? "किती आली?" जेवलास का, कुणाशी भांडलास का, हे नंतर. आकडा चांगला आला की घर हसतं, जास्त आला की घर गप्प होतं. हळूहळू मुलाला वाटू लागतं, आकडा जास्त म्हणजे मी वाईट. आईला वाटतं, आकडा जास्त म्हणजे मी निष्काळजी. डॉक्टरांकडे जाताना तिचे पाय जड होतात, निकालाला निघाल्यासारखे. काही डॉक्टरही कागद बघून पहिलं वाक्य रागाचं बोलतात. त्या एका वाक्यानं पुढची भेट चुकते, हे मी पुष्कळदा पाहिलं. आकडा ही माहिती आहे. पुढची सुई किती, एवढंच ती सांगते. बाई चांगली की वाईट, हे सांगायचं काम त्या मशीनचं नाही.

तिसरी गोष्ट घराच्या आतली, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत अवघड.

या आजारात घरं मोडतातही आणि जुळतातही. वडील म्हणतात, मला सुई बघवत नाही, तूच दे. आपण याला कठोरपणा समजतो. पुष्कळदा तो कठोरपणा नसतो, ते दुःख असतं आणि पुरुषाला ते दाखवायची सवय नसते. तो एपीएमसीत रात्रपाळी करतो, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत ओव्हरटाइम करतो, पट्ट्यांचे आणि इन्सुलिनचे पैसे आणतो, आणि त्याला वाटतं आपला वाटा झाला. तिला वाटतं मी एकटी आहे. दोघंही लेकरासाठीच झिजत असतात आणि एकमेकांवर रागावलेले असतात. अशा जोडप्याला मी एकच सांगत असे. आठवड्यातल्या दोन रात्री बाबांच्या. गजर त्यांच्या उशाशी. बाकीचं बोलणं नंतर करू. दोन रात्री सलग झोपल्यावर बाई वेगळं बोलते.

आजी लपवून लाडू देते. तिला नातवाचं दुःख बघवत नाही, प्रेमानं देते. गौरी-गणपतीत मोदक कसा नाही म्हणायचा? खरं तर मोदक पूर्ण बंद नाहीच. किती खाणार ते आधी माहीत असेल तर त्यानुसार सुई देता येते. घात होतो तो चोरून दिल्यामुळे. म्हणून आजीला रागावण्यापेक्षा आजीला सुई शिकवा. सत्तरीच्या बायका इन्सुलिन पेन वापरायला शिकलेल्या मी पाहिल्या आहेत. चष्मा लावून, मोजून, बिनचूक. त्या घरात सून पहिल्यांदा हळदीला, लग्नाला निवांत जाऊ शकली. नाहीतर ही बाई समारंभांना जाणंच सोडते. जेवण उशिरा, लोकांच्या नजरा, मुलाला आग्रह, त्यापेक्षा नकोच. असं करत करत ती भावकीतून, मैत्रिणींतून बाहेर पडते. कुणी तिला काढलेलं नसतं, तरी ती बाहेर असते.

दुसरं मूल असेल तर तेही आहे. धाकटं पोर विचारतं, मला कधी होणार शुगर? आई माझ्याजवळ कधी झोपणार? त्याच्याकडे कुणी बघायचं? मावशी, काका, शेजारी, कुणीतरी त्याला रविवारी बाहेर न्या. फार काही लागत नाही.

आणि मुलगी असेल तर? इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. मुलीचा आजार लपवला जातो. उद्या लग्न कसं होणार, या एका भीतीनं. शाळेत सांगत नाहीत, शेजारी सांगत नाहीत, नातेवाइकांत तर नाहीच. मग तिला शाळेच्या स्वच्छतागृहात लपून सुई घ्यावी लागते किंवा दुपारची सुई गाळावी लागते. चक्कर आली तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नसतं. लग्नाच्या भीतीनं आपण तिचा आजचा जीव धोक्यात घालतो. टाइप वन असलेल्या मुली शिकतात, नोकऱ्या करतात, लग्न करतात, नीट देखरेखीत निरोगी बाळांना जन्म देतात. हे गावाला माहीत झालं तर आई लपवणार नाही. म्हणजे लपवणं आईमुळे नाही, आपल्यामुळे आहे.

आता भोंदूंविषयी. निदानानंतर इन्सुलिन सुरू झालं की पुष्कळ मुलांमध्ये काही आठवड्यांनी ते फारच कमी लागू लागतं. शिल्लक राहिलेल्या पेशी थोडे दिवस पुन्हा काम करतात. ही अवस्था काही महिने टिकते, क्वचित वर्षभर, आणि जाते. नेमक्या या काळात आईबाप कुणाकडे तरी गेलेले असतात. कुणी जडीबुटी दिलेली असते, कुणी अंगारा दिलेला असतो, कुणी हजारो रुपयांचं चूर्ण. साखर कमी होते आणि श्रेय त्याला जातं. तो म्हणतो, आता सुई बंद करा. सुई बंद होते. मग एके दिवशी उलट्या, पोटदुखी, खोल खोल श्वास, आणि मूल अतिदक्षता विभागात. कधी ते परत येतं, कधी येत नाही. मी त्या आईबापांना अडाणी म्हणणार नाही. जन्मभर टोचायचं आहे, हे ऐकलेला माणूस आशेच्या मागे जाणारच. त्यांना वेळेवर कुणी सांगितलं असतं, की ही अवस्था येते आणि जाते, देवाला नवस बोला, उपास करा, पण सुई थांबवू नका, तर ते फसले नसते. हे सांगणारा माणूस सगळ्यांत चांगला कोण? ज्याच्या घरात हे होऊन गेलं आहे तो.

म्हणून चौथी गोष्ट, माणसांची.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनी माणसावर उपचार झाले, आणि त्याच्या बायकोसाठी 'सहचरी' हा गटही झाला. कारण त्यांनी ओळखलं की आजारी एकटा असला तरी भरडलं सगळं घर जातं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं संस्था उभी राहिली, तिथे नातेवाईक एकमेकांशी बोलतात. समदुःखी माणसांनी गोल करून बसायचं आणि एकमेकांचं ऐकायचं, ही रीत आपल्या राज्यात रुजलेली आहे. टाइप वनसाठीही माणसं झटली आहेत. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टनं गरीब घरांतल्या मुलांना इन्सुलिन आणि शिक्षण दोन्ही दिलं. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' मुलांबरोबर त्यांच्या कुटुंबांनाही हाताशी धरते. पुण्यात जहांगीर रुग्णालयात डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी या मुलांसाठी काम उभं केलं. मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय आहे. पण घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून परळ, परत घर, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. उपचाराला ते ठीक, महिन्यादोन महिन्यांनी जाता येतं. पण मंगळवारी रात्री अकराला रडू आलं तर? त्यासाठी माणूस गल्लीतलाच लागतो.

अशा गटात काय होतं? फार काही होत नाही. निदानाला आठ दिवस झालेली आई येते. तिच्या शेजारी दहा वर्षं हे केलेली आई बसते. नवी म्हणते, माझं पोर सुईला घाबरून कपाटामागे लपतं. जुनी म्हणते, माझंही लपायचं, मग मी असं केलं. तेवढ्यात विशीतली एक मुलगी येते, कॉलेजची बॅग खांद्यावर, सगळ्यांदेखत पेन काढून सुई घेते आणि चहा पिते. त्या नव्या आईचे डोळे त्या मुलीवरून हलत नाहीत. असं दृश्य दाखवायला कुठल्याही डॉक्टरच्या औषधपत्रात जागा नसते.

एक भेद मात्र लक्षात ठेवा. थकवा, चीड, रडू, हा या ओझ्याचा भाग आहे, तो आजार नाही. सोबत मिळाली की तो हलका होतो. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही, जगून काय करायचं असे विचार येतात, तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्याला उपचार आहेत. तिथे धीराचे शब्द पुरत नाहीत. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलते. तो आकडा लिहून घ्या. स्वतःसाठी नको असेल, शेजारणीसाठी लिहून घ्या.

किशोरवयाबद्दल थोडंच बोलते. तेरा-चौदा वर्षांचं मूल आकडा लपवतं, सुई गाळतं, वैतागतं. ते वयच तसं. तेव्हा सगळी जबाबदारी एकदम त्याच्यावर टाकू नका आणि सगळी स्वतःकडेही ठेवू नका. हा आजार घेऊन पुढे गेलेली माणसं त्याला दाखवा. वसीम अक्रमला तिशीत टाइप वन झाला, तरी तो २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला.

शेवटी शाळा आणि गाव. सीबीएसईनं २०१७ साली बोर्डाच्या परीक्षेत टाइप वनच्या मुलांना गोळ्या, फळं, खाऊ, पाणी सोबत ठेवायची मुभा दिली. परीक्षेला मुभा, मग रोजच्या वर्गात का नको? शिक्षकांनी चारच गोष्टी शिकायच्या आहेत, आणि इथे बसलेल्या प्रत्येकानंही. मूल थरथरतंय, घामानं भिजलंय, गोंधळलंय, चिडलंय, तर साखर उतरली असेल. जमलं तर मशीनवर बघा. ७० च्या खाली म्हणजे उतरली. मशीन नसेल तर वाट बघू नका, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि त्या मुलाला एकट्याला कधीही घरी पाठवू नका.

ज्या मुलाला अजून निदानच झालेलं नाही, त्याच्यासाठीही एक. अचानक खूप तहान, सारखी लघवी, अंथरूण न भिजवणारं मूल पुन्हा भिजवू लागलं, वजन उतरलं, तर त्याच दिवशी बोटावरची साखर तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. नजर काढायची असेल तर तपासून आल्यावर काढा.

आता माझी मागणी. धीर धर, सगळं ठीक होईल, देवाची इच्छा, हे त्या आईला बोलू नका. तिनं ते फार ऐकलं आहे. कशानं झालं, हेही विचारू नका. तिच्याकडे जा आणि म्हणा, मला साखर तपासायला शिकव, सुई द्यायला शिकव, शनिवारी रात्री मी तुझ्याकडे झोपते, तू झोप. आत्या, मावशी, काकी, शेजारीण, ज्यांना जमेल त्यांनी. मुलाच्या काकांनीही, कारण सुईला पुरुषाचा हात चालतो.

या गावातल्या बचत गटांच्या बायकांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी दोन तास हे सभागृह टाइप वनच्या घरांसाठी मोकळं ठेवा. भाषण नको, पाहुणे नकोत, हार नकोत. सतरंजी, चहा आणि एक साखर तपासायचं मशीन पुरे. पहिल्या रविवारी एकच घर आलं तरी दार बंद करू नका. आणि आज या सभागृहात असं एखादं घर बसलेलं असेल, तर कार्यक्रम संपल्यावर मी या व्यासपीठाच्या डाव्या बाजूला थांबणार आहे. गर्दी ओसरेपर्यंत थांबणार आहे. या.